मीडियापार्ट: जाहिरात नाही, शेठ नाही, फक्त वर्गणीदार

सप्टेंबर २०१८ मध्ये राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीचा वाद ऐन भरात असताना ‘मीडियापार्ट’ हे नाव मराठी बातम्यांमध्ये अचानक दिसायला लागलं. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांनी या फ्रेंच वृत्तसंकेतस्थळाला सांगितलं होतं की, भारतीय भागीदार म्हणून रिलायन्सचं नाव भारत सरकारकडूनच पुढे आलं आणि आमच्यापुढे निवडीला वाव नव्हता. दसॉल्ट आणि रिलायन्सचा संयुक्त कारखाना नागपूरच्या मिहानमध्ये. त्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झालेली. त्यामुळे हा वाद आपल्याकडे दिल्लीपुरता राहिला नाही. केंद्र सरकारने आणि दोन्ही कंपन्यांनी रिलायन्सला झुकतं माप दिल्याचे आरोप फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी चौकशीच्या याचिका फेटाळल्या आणि २०१९ मध्ये फेरविचार याचिकाही. मीडियापार्टने मात्र विषय सोडला नाही. एप्रिल २०२१ मध्ये राफेलवर तीन भागांची मालिका आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समध्ये या व्यवहाराचा तपास एका न्यायाधीशाकडे सोपवला गेला.

राफेल व्यवहारात कोण बरोबर, कोण चूक हा इथला विषय नाही. मला लक्ष वेधायचं आहे ते एका साध्या गोष्टीकडे. राफेल बनवणाऱ्या दसॉल्ट उद्योगसमूहाकडेच २००४ पासून ‘ल फिगारो’ या फ्रान्समधल्या मोठ्या दैनिकाची मालकी आहे. ‘ले झेको’ हे आर्थिक दैनिक आणि ‘ल पारिझियँ’ ही दोन्ही लुई व्हितोंवाल्या बेर्नार आर्नो यांच्या समूहाची. ‘ल मोंद’ २०१० मध्ये तीन धनाढ्य गुंतवणूकदारांच्या हाती गेलं. अशा देशात विमान कंपनीच्या व्यवहाराचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या बातमीदाराचा पगार कोण देतं? मीडियापार्टच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. दर महिन्याला वर्गणी भरणारे सामान्य वाचक देतात. तेही जवळजवळ संपूर्ण.

हे कसं जमलं, कुठे अडलं आणि यातलं आपल्याकडे काय लागू पडतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. कारण गेल्या काही वर्षांत भारतातल्या बहुतेक मोठ्या वृत्तसमूहांनी आपल्या संकेतस्थळाभोवती पैशांची भिंत (पेवॉल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय बातमी न दिसणं) उभी केली आणि त्यातल्या अनेकांना वाटतं की, भिंत बांधली की काम झालं.

फुकटचा जमाना आणि नऊ युरो

एदवी प्लेनेल हे ‘ल मोंद’चे जुनेजाणते शोधपत्रकार. १९८५ मध्ये ग्रीनपीसचं ‘रेनबो वॉरियर’ हे जहाज न्यूझीलंडच्या बंदरात फ्रेंच गुप्तहेरांनी बुडवलं, त्या प्रकरणातली निर्णायक बातमी देणाऱ्या दोघांपैकी ते एक. राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांच्या काळात त्यांच्या महालातून ज्यांचे फोन चोरून ऐकले गेले, त्यांत प्लेनेलही होते. १९९६ ते २००४ या काळात त्यांनी ‘ल मोंद’च्या संपादक विभागाचं नेतृत्व केलं आणि नंतर मतभेदांतून ते बाहेर पडले.

फ्रान्स्वा बोने, लोरां मोदुई, जेरार देपोर्त अशा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी १६ मार्च २००८ रोजी मीडियापार्ट सुरू केलं. दर महिना ९ युरो, विद्यार्थी आणि कमी उत्पन्नाच्या वाचकांना ५ युरो. जाहिरात नाही. सरकारी अनुदान नाही. कोणा उद्योगपतीचं वर्चस्व नाही. बातमीचा सुरुवातीचा भाग कोणालाही दिसे, पुढचं फक्त वर्गणीदाराला.

त्या वेळी हे वेडं धाडस वाटत होतं आणि तसं वाटायला कारणंही होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००५ मध्ये आपल्या स्तंभलेखकांचं लेखन पैशांच्या भिंतीआड नेलं होतं आणि सप्टेंबर २००७ मध्ये, म्हणजे मीडियापार्ट सुरू होण्याच्या जेमतेम सहा महिने आधी, ती योजना गुंडाळली होती. दोन लाखांहून जास्त लोक पैसे भरत होते, तरी हिशेब असा निघाला की सगळं खुलं केलं तर गुगलवरून येणाऱ्या गर्दीवर जाहिरातीतून जास्त कमाई होईल. फ्रान्समध्येच ‘लिबेरासियों’तून बाहेर पडलेल्या पत्रकारांनी मे २००७ मध्ये ‘र्‍यू ८९’ हे फुकट, जाहिरातींवर चालणारं संकेतस्थळ काढलं होतं. ते लोकप्रियही होतं. वाऱ्याची दिशा स्पष्ट होती.

पुढे काय झालं ते पाहा. र्‍यू ८९ वाचकसंख्येत जोरात होतं, पण जाहिरातीच्या पैशात स्वतःच्या पायावर उभं राहू शकलं नाही आणि डिसेंबर २०११ मध्ये ‘नुव्हेल ऑब्झर्व्हातर’ या साप्ताहिकाने ते विकत घेतलं. मीडियापार्टसाठी त्याच वर्षी पूर्ण वर्षाचा पहिला नफा आला. वार्षिक उलाढाल सुमारे ५० लाख युरो होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही मार्च २०११ मध्ये पुन्हा वर्गणी सुरू केली, या वेळी कायमची. पण २००८ मध्ये हे कोणालाच दिसत नव्हतं. मीडियापार्टची पहिली दोन वर्षं तोट्यात गेली. सुरुवातीच्या भांडवलातून पगार होत होते आणि वर्गणीदार थेंबाथेंबाने वाढत होते.

खानसाम्याचा टेपरेकॉर्डर

चित्र पालटलं जून २०१० मध्ये. लॉरिआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची वारस लिलियान बेतांकूर ही तेव्हा युरोपातल्या सर्वांत श्रीमंत स्त्रियांपैकी एक. पॅरिसला लागून असलेल्या न्युईत तिचा वाडा होता. त्या वाड्यातल्या खानसाम्याने दिवाणखान्यात एक छोटं ध्वनिमुद्रण यंत्र लपवून मे २००९ पासून वर्षभर म्हाताऱ्या मालकिणीची तिच्या सल्लागारांशी होणारी बोलणी टिपली. त्या ध्वनिफिती आईशी कोर्टात भांडणाऱ्या मुलीकडे गेल्या, तिच्याकडून पोलिसांकडे गेल्या आणि १६ जूनला त्यातले निवडक भाग मीडियापार्टने प्रसिद्ध केले.

काय होतं त्यात? स्विस बँकांतली न दाखवलेली खाती. सेशेल्समधल्या एका बेटाची मालकी. आणि एरिक वर्ट यांचं नाव. वर्ट तेव्हा कामगारमंत्री होते, निवृत्तिवेतनाच्या कायद्यातले वादग्रस्त बदल तेच रेटत होते. त्याआधी ते अर्थसंकल्पमंत्री होते, म्हणजे करवसुली त्यांच्या अखत्यारीत होती. शिवाय सत्ताधारी पक्षाचे खजिनदार. आणि त्यांच्या पत्नी बेतांकूर यांची संपत्ती सांभाळणाऱ्या कंपनीत नोकरीला. एका घरात एवढ्या वाटा येऊन मिळतात आणि त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही, हे वाचून फ्रेंच वाचक हादरला.

जुलैमध्ये बेतांकूर यांच्या जुन्या हिशेबनीस बाईंची मुलाखत आल्यावर सरकारची भाषा सुटली. सत्ताधारी पक्षाच्या एका मोठ्या नेत्याने मीडियापार्टच्या पद्धतींना थेट ‘फॅसिस्ट’ म्हटलं. या शिव्यांचा परिणाम उलटा झाला. लोक वर्गणी भरत सुटले. २०१० संपताना वर्गणीदार चाळीस हजारांच्या पुढे गेले होते. वर्ट यांनी जुलैमध्ये पक्षाचं खजिनदारपद सोडलं, नोव्हेंबरमध्ये मंत्रिपदही गेलं. पुढे २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, हेही सांगायला हवं. बातमीत मांडलेला हितसंबंधांचा गुंता खरा होता. गुन्हा मात्र शाबीत झाला नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शोधपत्रकारितेच्या वाचकाने दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

या टप्प्यावर मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं. बेतांकूर प्रकरणाच्या मुख्य गोष्टी बातमी आल्यावर तासाभरात सगळ्या वाहिन्यांवर फुकट उपलब्ध होत्या. माहिती मिळवण्यासाठी ९ युरो भरायची गरजच नव्हती. तरीही हजारो लोकांनी भरले. त्यांनी पैसे मोजले ते पुढची बातमी येत राहावी म्हणून. भिंतीमागे काय दडलंय या उत्सुकतेपोटी भरलेली वर्गणी महिन्याभरात बंद होते. असं काम करणारी माणसं टिकतील की नाही, या काळजीपोटी भरलेली वर्गणी वर्षानुवर्षं चालते. वर्गणीच्या धंद्यात नवा माणूस आणण्यापेक्षा आलेला माणूस टिकवणं हेच खरं काम. मीडियापार्टला ते जमलं, कारण त्याने विकायला काढलेली गोष्ट दुसरीकडे मिळतच नव्हती.

मंत्र्याचा आवाज

दुसरी मोठी कसोटी ४ डिसेंबर २०१२ ची. सरकार आता समाजवाद्यांचं, राष्ट्राध्यक्ष ओलांद. मीडियापार्टचे बातमीदार फाब्रिस आर्फी यांनी लिहिलं की, अर्थसंकल्पमंत्री जेरोम काउझाक यांचं स्वित्झर्लंडमधल्या यूबीएस बँकेत गुप्त खातं होतं आणि तो पैसा नंतर सिंगापूरला हलवण्यात आला. करचुकव्यांना पकडणं हे याच मंत्र्याचं काम. दुसऱ्याच दिवशी काउझाक संसदेत उभे राहिले आणि सगळ्या सभागृहासमोर म्हणाले, माझं परदेशात खातं नाही, आजही नाही आणि याआधीही कधी नव्हतं.

मीडियापार्टकडे एक ध्वनिमुद्रण होतं. २००० च्या अखेरीस काउझाक यांनी आपल्या भागातल्या एका राजकीय प्रतिस्पर्ध्याला, मिशेल गोनेल यांना, फोन करून निरोप ठेवला होता. निरोप संपला, पण फोन चुकून पुन्हा जोडला गेला आणि काउझाक दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होते ते गोनेल यांच्या निरोपयंत्रावर टिपलं गेलं. यूबीएसमधल्या खात्याचा आपल्याला कसा त्रास आहे, हे त्यात ते स्वतःच्या तोंडाने सांगत होते. ती टेप बारा वर्षं गोनेल यांच्याकडे पडून होती.

पुढचे तीन-चार महिने मीडियापार्ट जवळजवळ एकटं पडलं होतं. मोठमोठे संपादक विचारत होते, पुरावा कुठे आहे? अंधुक आवाजाची टेप म्हणजे काय पुरावा? जाहिरातीवर चालणाऱ्या संस्थेत या वेळी काय घडलं असतं, ते वृत्तपत्रात काम केलेल्या कोणालाही विचारा. जाहिरात विभागातून फोन आला असता, मग मालकाकडून आला असता आणि बातमीचा पाठपुरावा हळूच आतल्या पानावर गेला असता. इथे तसा फोन करणारं कोणी नव्हतंच. १९ मार्च २०१३ रोजी रीतसर न्यायालयीन तपास सुरू झाला, त्याच दिवशी काउझाक यांनी राजीनामा दिला आणि २ एप्रिलला कबुली. सुमारे सहा लाख युरो, वीसेक वर्षं परदेशात. पुढे त्यांना शिक्षाही झाली.

या एका प्रकरणाचा सरकारवर झालेला परिणाम मोठा आहे. त्याच वर्षी फ्रान्सने मंत्री आणि खासदारांच्या मालमत्तेची घोषणा तपासणारी स्वतंत्र यंत्रणा उभी केली आणि आर्थिक गुन्ह्यांसाठी वेगळं राष्ट्रीय अभियोक्ता कार्यालय निर्माण केलं. पुढे राफेल प्रकरण ज्या कार्यालयाकडे गेलं, ते हेच. महिना ९ युरोच्या वर्गणीतून देशाला दोन संस्था मिळाल्या, असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होणार नाही.

दीड युरोचा झगडा

फ्रान्समध्ये छापील वृत्तपत्रांवर मूल्यवर्धित कर अवघा २.१ टक्के. ऑनलाइन बातम्यांवर मात्र तेव्हा १९.६ टक्के. ९ युरोच्या वर्गणीत पहिल्या दराने जेमतेम १९ सेंट सरकारकडे जातात, दुसऱ्या दराने जवळपास दीड युरो. मीडियापार्टने पहिल्या दिवसापासून ठरवलं की बातमी ती बातमी, ती कागदावर छापली की पडद्यावर दिसली याने तिचा कर बदलू नये. आणि त्यांनी २.१ टक्केच भरला. उघडपणे, सांगून.

डिसेंबर २०१३ मध्ये करखात्याने तपासणी लावली. गंमत म्हणजे, दोनच महिन्यांत संसदेने कायदा बदलून ऑनलाइन वृत्तपत्रांनाही २.१ टक्के दर लागू केला, म्हणजे मीडियापार्टचं म्हणणं तत्त्वतः मान्य केलं. पण मागच्या सहा वर्षांचा फरक दंड-व्याजासकट मागितलाच. ती रक्कम चाळीस लाख युरोंहून जास्त होती. त्यांनी ती भरली आणि न्यायालयात भांडत राहिले. एवढा फटका बसूनही संस्था कोलमडली नाही, कारण २०११ पासूनचा नफा त्यांनी वाटून न खाता गाठीशी ठेवला होता. युरोपीय संघाने सगळ्या सदस्य देशांना ऑनलाइन प्रकाशनांवर कमी कर लावण्याची मुभा दिली ती २०१८ मध्ये.

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिला. वर्गणीवर चालणाऱ्या माध्यमांविषयी आपल्याकडे बोलणं होतं ते लेखनाच्या दर्जाचं आणि वाचकांच्या मानसिकतेचं. कराच्या दराविषयी कोणी बोलत नाही. वर्गणीतले पंधरा-सोळा टक्के कोणाकडे जातात यावर छोट्या संस्थेत दोन बातमीदार जास्त ठेवता येतील की नाही हे ठरतं.

दार आणि मालकी

४ फेब्रुवारी २०१९ रोजी पॅरिसच्या बाराव्या विभागातल्या मीडियापार्टच्या कार्यालयात सरकारी वकील आणि पोलीस झडतीसाठी आले. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांचे माजी सुरक्षा सहायक अलेक्सांद्र बेनाला यांच्या संभाषणाच्या ध्वनिफिती त्यांनी काही दिवसांपूर्वीच प्रसिद्ध केल्या होत्या. ती टेप कुठून आली, हे सरकारला हवं होतं. फ्रेंच कायद्यानुसार प्राथमिक चौकशीत, न्यायाधीशाचा आदेश नसेल तर, झडतीला संबंधितांची संमती लागते. पत्रकारांनी संमती नाकारली आणि आलेली मंडळी परत गेली. जुलै २०२२ मध्ये नांतेरच्या न्यायालयाने या झडतीच्या प्रयत्नाबद्दल सरकारलाच दोषी धरलं.

झडतीच्याच वर्षी, २ जुलै २०१९ ला, संस्थापकांनी दुसरं पाऊल उचललं. मीडियापार्टची किंमत तोवर १ कोटी ६० लाख युरोंच्या आसपास गेली होती. प्लेनेल आणि सहकारी निवृत्तीच्या वयाला आलेले. त्यांचे समभाग बाजारात गेले असते तर एखाद्या उद्योगपतीने ते अलगद उचलले असते. त्यांनी एक ना-नफा निधी स्थापन केला आणि संस्थेची मालकी अशा रचनेत नेली की ते समभाग पुन्हा कोणालाच विकता येणार नाहीत, त्यावर लाभांश मिळणार नाही. निधी इतर छोट्या स्वतंत्र माध्यमांना मदतही करतो. संस्थापकांना समभागांचा मोबदला मिळाला आणि त्यावर टीकाही झाली, पण बाजारात मिळू शकला असता त्याहून वेगळा रस्ता त्यांनी निवडला, हे मान्य करावं लागेल. ‘आम्हाला फक्त आमचे वाचकच विकत घेऊ शकतात’ हे त्यांचं घोषवाक्य. ते कागदोपत्री पक्कं झालं ते या दिवशी. मार्च २०२४ मध्ये प्लेनेल पायउतार झाले आणि कारिन फुतो यांच्याकडे सूत्रं गेली. वर्गणीदार २०२० मध्येच दोन लाखांच्या वर गेले होते. त्या वर्षीची उलाढाल २ कोटी युरोंच्या घरात होती आणि शंभराहून जास्त माणसं नोकरीला. दरवर्षी मार्चमध्ये ते आपला जमाखर्च वाचकांसमोर मांडतात.

दुखऱ्या जागा

सगळं आलबेल आहे, असं नाही. जुलै २०१३ मध्ये व्हर्सायच्या न्यायालयाने बेतांकूर ध्वनिफिती आणि त्यातले उतारे संकेतस्थळावरून काढून टाकायला सांगितलं. डझनावारी लेख उतरवावे लागले. मीडियापार्ट युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथेही हरलं. खासगीपणाचा हक्क भारी ठरला. मजेची गोष्ट अशी की, ध्वनिफिती प्रसिद्ध केल्याच्या फौजदारी खटल्यात त्यांचे पत्रकार निर्दोष सुटले होते.

माजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या २००७ च्या निवडणुकीला लिबियातून पैसा आला का, या विषयावर मीडियापार्ट २०११ पासून लिहीत आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सार्कोझी यांना गुन्हेगारी कटाच्या आरोपात दोषी धरून पाच वर्षांची शिक्षा सुनावली, इतर आरोपांतून मुक्त केलं. सार्कोझी यांनी अपील केलं. पण त्याच निकालात, मीडियापार्टने २०१२ मध्ये छापलेला एक गाजलेला कागद बनावट असण्याचीच शक्यता जास्त, असंही न्यायालयाने म्हटलं. चौदा वर्षांच्या पाठपुराव्याचं मोल त्याने शून्य होत नाही, पण तो डाग लहानही नाही.

आणखी एक अडचण रचनेतच आहे. देशाला कळायला हवी अशी बातमी पैसे भरणाऱ्यालाच पूर्ण वाचता येते. मीडियापार्टने यावर काही वाटा काढल्या. वर्गणीदार एखादा लेख दुसऱ्याला भेट देऊ शकतो, वर्गणीदारांनी लिहिलेले ब्लॉग सर्वांना खुले असतात, चर्चांचे व्हिडिओ फुकट दाखवले जातात. तरी मूळ प्रश्न राहतोच. आणि वर्गणीदार बहुतांशी डाव्या विचारांचा असेल, तर त्याला न आवडणारी बातमी द्यायला संपादकाचा हात अडखळेल का? काउझाक समाजवादी मंत्री होते, तेव्हा हात अडखळला नव्हता. म्हणून मी या आक्षेपाला मीडियापार्टच्या बाबतीत फार वजन देत नाही. दुसऱ्या संस्थेच्या बाबतीत देईन.

आपल्याकडे

मराठी वाचकाला वर्गणी नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून, म्हणजे १८३२ पासून, मराठी नियतकालिकं वर्गणीदारांच्या याद्यांवर जगली. ‘साधना’ साप्ताहिक १९४८ पासून आजवर चालू आहे. सवय मोडली ती दैनिकांनी. चार-पाच रुपयांना वीस पानं मिळायला लागली, उरलेला खर्च जाहिरातदार देऊ लागला आणि बातमी ही जवळजवळ फुकट मिळणारी वस्तू आहे, हे आपल्या अंगवळणी पडलं. मग इंटरनेट आलं आणि ते चार रुपयेही गेले. आज बहुतेक मराठी संकेतस्थळांचं अर्थकारण क्लिकवर चालतं. म्हणून एकाच घटनेच्या आठ बातम्या होतात आणि मथळ्यात अर्धी गोष्ट लपवलेली असते.

अशा ठिकाणी नुसती भिंत बांधून चालणार नाही. जी बातमी शेजारच्या दहा संकेतस्थळांवर फुकट आहे, तिच्यासाठी कोण पैसे मोजेल? इंग्रजीत २०१२ मध्ये सुरू झालेलं ‘न्यूजलाँड्री’ जाहिरातींशिवाय चालतं. बंगळुरूचं ‘द केन’ २०१६ पासून उद्योगजगतावर खोलात जाऊन लिहितं आणि त्यासाठी वर्गणी घेतं. दोघांनी आधी ठरवलं की आपण काय करणार नाही. मराठीत हे काम बाकी आहे आणि विषयांना तोटा नाही. जिल्हा सहकारी बँका, साखर कारखान्यांच्या विक्री, सिंचनाच्या निविदा, महापालिकांच्या भूखंडांची आरक्षणं, खासगी विद्यापीठांच्या परवानग्या. यातल्या एकाच विषयावर दोन वर्षं बसणारे चार बातमीदार पोसणारी मराठी संस्था हवी, असं मला मनापासून वाटतं.

आकडा फार मोठा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषक ८ कोटी ३० लाख. फ्रान्सची लोकसंख्या ६ कोटी ८० लाखांच्या आसपास, म्हणजे हजारात जवळपास तिघे मीडियापार्टचे वर्गणीदार. आपण हजारात एकच धरू. ८३ हजार माणसं, महिना १०० रुपये. ८३ लाख रुपये दरमहा. फ्रान्समधलं उत्पन्न आणि इथलं उत्पन्न यांची तुलना होत नाही, म्हणूनच तिघांऐवजी एक आणि हजार रुपयांऐवजी शंभर धरले. पहिल्या वर्षी हा आकडा येणार नाही. पाचेक वर्षांत, एखाद्या मोठ्या प्रकरणानंतर, येऊ शकतो.

दोन अडथळे मात्र थेट सरकारच्या हातातले आहेत. पहिला, आपोआप पैसे कापले जाण्याचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले, दर कपातीआधी ग्राहकाला कळवणं सक्तीचं झालं आणि सुरुवातीला बँकांची तयारीच नसल्याने कार्डावर चालणाऱ्या कित्येक वर्गण्या तुटल्या. ग्राहकाच्या दृष्टीने नियम योग्य आहेत. आता यूपीआयवर आपोआप भरणा सोपा झालाय, म्हणून हा अडथळा बराचसा ओसरलाय.

दुसरा अडथळा जीएसटीचा. छापील वृत्तपत्रावर जीएसटी शून्य. डिजिटल बातम्यांच्या वर्गणीवर १८ टक्के. वर धरलेल्या ८३ लाखांत कर धरलेला असेल, तर दरमहा सुमारे १२ लाख ६६ हजार रुपये सरकारकडे जातात. तेवढ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी वीस-पंचवीस बातमीदार नेमता येतील. तोच मजकूर कागदावर छापून पोस्टाने पाठवला, तर हे पैसे वाचतात. फ्रान्सच्या संसदेने हा भेदभाव फेब्रुवारी २०१४ मध्ये मोडला. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राला आवाज आहे आणि मराठी संपादकांच्या संघटनाही आहेत. त्यांनी ही मागणी मराठीतून, राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे, लेखी करायला हवी आणि त्या पत्राची प्रत वाचकांसमोर ठेवायला हवी.